आग्रह करायचा नाही

पहिला ट्रे ओव्हनमधून बाहेर आला आणि सीमंतिनीने तो वॉशिंग मशीनवरच आदळला.

नारळाचे मॅकरून कसे, पांढरेशुभ्र आणि कडेला जरासे सोनेरी असायला हवेत. ट्रेमधले चोवीसच्या चोवीस चहाच्या रंगाचे होते. श्रुतीने एक उचलून तोंडात टाकला, दोनदा चावला आणि तशीच मागच्या अंगणातल्या नळाकडे पळाली.

"आई, ये तो नमकीन है!" चूळ भरता भरता ती ओरडली. "आणि तेजपत्त्याचा वास येतोय. सच्ची!"

सीमंतिनीने स्वतः चाखून पाहिला. खारट होता, वर कडवट. लेकीवर ओरडायलाही वेळ नव्हता. रथसप्तमीची सकाळ, साडेअकरा वाजलेले. चार वाजता हळदीकुंकवाच्या बायका येणार. आणि त्या बायकांच्या तोंडावर तिची खोली अवलंबून.

खोली म्हणजे समोरची, ग्वाल्हेरातल्या जयेंद्रगंजच्या रस्त्यावर शटर उघडणारी. झेरॉक्सवाला दिवाळीत सोडून गेल्यापासून तिला कुलूप होतं. सीमंतिनीचे थोरले दीर गोपाळकृष्ण, म्हणजे घरादाराचे दादा, यांनी ती कुणा मोबाइलवाल्याला द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. आणि सीमंतिनीला ती हवी होती. गेली सहा वर्षं ती मागच्या व्हरांड्यात, वॉशिंग मशीनच्या शेजारी ओव्हन ठेवून केक भाजत होती. उन्हाळ्यात तिथे जीव उकडायचा, थंडीत बोटं आखडायची, तरी ओव्हन घरात यायची सोय नव्हती. कारण अंडी. दफ्तरदारांच्या स्वयंपाकघरात अंडं आलेलं नाही, असं दादा छातीठोकपणे सांगत. अंडी व्हरांड्यातल्याच एका झाकणाच्या डब्यात राहत आणि त्या डब्यावर श्रुतीने मोठ्या अक्षरात 'खिळे' असं लिहून ठेवलं होतं. ते खिळे कसले हे दादांना चांगलं ठाऊक होतं. वाढदिवसाला केकचे दोन तुकडे ते काही न विचारता खात. पण रस्त्यावरच्या खोलीत, चार लोकांसमोर, दफ्तरदारांच्या नावावर? छे!

आदल्या दिवशी चहाच्या वेळी सीमंतिनीने धीर करून विषय काढला होता.

"दादा, खोली मला द्या. मी बिनअंड्याचं करीन. सगळं."

दादांनी बशी खाली ठेवली. "बिनअंड्याचं म्हणजे मग ते कोण खाणार? लोक नाक मुरडतील. असं कर. उद्या हळदीकुंकू आहेच. तुझं ते नारळाचं काय असतं ते बिनअंड्याचं कर. आलेल्या बायकांपैकी एकीने जरी इथेच बसून खाल्लं आणि दुसरं मागून घेतलं, तरी खोली तुझी."

"एकीने?"

"एकीने. पण आग्रह करायचा नाही. तू नाही, हिनेही नाही." हे शेवटचं आपल्या बायकोकडे, शामलावहिनींकडे, बघून. "ठेवलं समोर, की गप्प राहायचं."

सीमंतिनीला क्षणभर वाटलं होतं, अरे, हे तर सोपं आहे! मग शामलावहिनींच्या ओठांवरचं हसू दिसलं आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हळदीकुंकवाला येणारी बाई खाते कधी? एका संध्याकाळी तिला सात घरं करायची असतात. ती कुंकू लावून घेते, वाण घेते, तिळगूळ कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकते, "घरी जाऊन खाते हं" म्हणते आणि चपला शोधते. दादा चाळीस वर्षं दारातल्या खुर्चीवर बसून हे बघत आलेत. आणि वर आग्रह करायचा नाही! मराठी घरात आग्रहाशिवाय पाणीसुद्धा कुणी दुसऱ्यांदा घेत नाही. मोठा पक्का माणूस.

त्या वेळी कोपऱ्यातून एक आवाज आला होता. "दादा, शब्द देताय ना?"

बोलला होता गुरुप्रसाद, सीमंतिनीचा नवरा. चोवीस वर्षांत थोरल्या भावासमोर त्याने प्रश्न विचारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दादाही दचकले. "दिला," ते म्हणाले.

तर असा शब्द मिळालेला, आणि आता समोर हे चोवीस खारट गोळे.

"श्रुती, ते चण्याचं पाणी तू कुठून आणलंस?"

काबुली चणे उकडलेलं पाणी घोटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं फसफसून फुलतं, हे श्रुतीनेच शोधून काढलं होतं. सीमंतिनीने आठवडाभर करून पाहिलं होतं आणि चार वेळा छान जमलं होतं. आज चणे उकडायची जबाबदारी श्रुतीवर होती.

"काकूंच्या कुकरमधून," श्रुती चाचरत म्हणाली. "त्यांनी रात्रीच्या जेवणासाठी छोले उकडले होते ना, तर मी म्हटलं, दुबारा काहे को उबालना? पाणी गाळून घेतलं. थोडं ब्राऊन होतं, बस."

सीमंतिनीने कपाळावर हात मारला. पुण्याची बाई चणे नुसते पाण्यात उकडेल. पण ग्वाल्हेरच्या मराठी घरात छोले करायचे म्हणजे थाटात. चहाच्या पुडीची पुरचुंडी, मीठ, तेजपत्ता, मोठी वेलची, सगळं कुकरमध्ये. त्याशिवाय त्यांना बाजारासारखा काळा रंग येत नाही. पोरीने तेच पाणी घोटलं, आणि फेस बदामी दिसला तेव्हा सीमंतिनीनेही घाईत डोळेझाक केली. चूक दोघींची होती, आणि ती फक्त याच घरात होऊ शकत होती.

"काय झालं गं? कसला आरडाओरडा?"

शामलावहिनी दारात उभ्या. साठी ओलांडलेल्या, नऊवारीच्या काळातल्या नव्हेत पण तोरा तसाच. या घरात कुठल्या सणाला काय शिजायचं हे त्या ठरवत. सीमंतिनीचा एकही पदार्थ चोवीस वर्षांत हळदीकुंकवाच्या तबकात गेला नव्हता. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, एक मॅकरून उचलला, हुंगला.

"हा तर माझ्या छोल्यांचा वास!"

आता टोमणा येणार म्हणून सीमंतिनी मान खाली घालून उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दाखवायचं नव्हतं. "झालं, वहिनी. संपलं. द्या ती खोली त्या मोबाइलवाल्याला."

वहिनी व्हरांड्यातल्या स्टुलावर बसल्या, आणि त्यांचा आवाज आला तो निराळाच.

"त्याच खोलीत मी शिवणवर्ग काढणार होते. ठाऊक आहे तुला? लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मशीन माहेरून आणलं होतं. सात मुलींची नावंही आली होती, थाटीपुरातून दोघी यायला तयार होत्या. सासूबाई म्हणाल्या, दफ्तरदारांची सून रस्त्यावर बसून कपडे शिवणार का? तुझे दादा म्हणाले, आई म्हणते तर राहू दे. मी राहू दिलं."

"वहिनी, मला कधी..."

"कुणाला सांगणार? तू आलीस तेव्हा मशीन विकून झालं होतं." त्यांनी पदराने नाक पुसलं. "आणि काल हे मोबाइलवाल्याचं बोलत होते. मला विचारलं? एका शब्दाने? दिवसभर माझ्या खिडकीखाली त्याची गाणी वाजणार, ती कोण ऐकणार?" त्या ताडकन उठल्या. "भिजवलेल्यातले अर्धे चणे फ्रीजमध्ये आहेत. उद्याच्या उसळीचे. श्रुती, कुकर लाव. नुसत्या पाण्यात! मिठाचा कणसुद्धा घातलास तर बघ!"

"जी, काकू!" म्हणत पोरगी पळाली.

सीमंतिनी बघतच राहिली. कालपर्यंत ही बाई दादांच्या बाजूने बसली होती. आज तिने पदर खोचला होता.

शिट्ट्या झाल्या. पाणी गाळलं, मंद आचेवर आटवलं, फ्रीजरमध्ये गार केलं. बीटर फिरू लागला तेव्हा दीड वाजला होता. पहिली पाच मिनिटं नुसता साबणासारखा फेस. वहिनींचा जीव खालीवर. "हे काय गं? हे जमणार आहे का?" मग फेस दाटला, पांढरा झाला, सीमंतिनीने चमचा चमचा पिठीसाखर सोडली, आणि तो असा चमकायला लागला की वहिनींनी "अगंबाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. श्रुतीने भांडं उचलून सरळ स्वतःच्या डोक्यावर उपडं धरलं. थेंबसुद्धा पडला नाही.

"देखा?"

"कार्टे, खाली ठेव ते!" दोघी एकदम ओरडल्या.

नारळाचा बुरा, तो सुका कीस, मिसळताना वहिनींना राहवलं नाही. "तो व्हॅनिलाचा वास काढून टाक. वेलची-जायफळ घाल, बघ कसं खुलेल."

"नाही, वहिनी," सीमंतिनी म्हणाली. "मग ती वडी होईल. हे मॅकरून आहेत."

असं 'नाही' तिने वहिनींना आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं. वहिनींनी भुवया उंचावल्या.

"बरं बाई. खोली तुझी, मसाला तुझा."

खोली अजून कुठे मिळाली होती! पण ते ऐकून सीमंतिनीला इतकं बरं वाटलं की हात भराभर चालू लागले. ती ट्रे घेऊन व्हरांड्याकडे निघाली, तर वहिनींनी आडवा हात घातला.

"तिकडे कुठे? ओव्हन आत आण."

"आत?"

"यात अंडं आहे का?"

"नाही."

"मग तो बाहेर का म्हणून? बायका येतील तेव्हा थंडगार गोळे नेऊन ठेवणार आहेस समोर? त्या ते पर्समध्ये टाकतील आणि चालू लागतील. आग्रह करायचा नाही म्हणालेत ना? नाही करायचा! पण गरम द्यायला कुठे मनाई आहे? चटका बसणारी वस्तू पर्समध्ये कोण घालेल? हातात धरायची तर खायलाच लागेल."

सीमंतिनीने वहिनींच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. सहा वर्षं ती केक भाजत होती आणि ही गोष्ट तिला सुचली नव्हती. सुचणार कशी? चाळीस वर्षांची हळदीकुंकवं वहिनींनी पाहिली होती, तिने नव्हे.

ओव्हन उचलायला गुरुप्रसादला बोलावलं. तो पुसलेला, झाडलेला ओव्हन पोटाशी धरून हॉलमधून चालला आणि दारातल्या खुर्चीवरून दादा उठून उभे राहिले.

"हे काय? हा व्हरांड्यातला ओव्हन आत कुणी आणायला सांगितला?"

"मी," स्वयंपाकघरातून शामलावहिनींचा आवाज.

दादांनी भावाकडे पाहिलं. गुरुप्रसादने खांदे उडवले. "जड आहे, दादा. जाऊ द्या मला." आणि तो गेलासुद्धा. दादा खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. उलटं.

चारला बायका येऊ लागल्या. ओव्हन ओट्यावर, स्वयंपाकघराचं दार हॉलमध्ये उघडणारं. पण पहिल्या ट्रेचा हिशोब चुकला. तो पावणेचारलाच निघाला आणि बायका टेकेपर्यंत कोमट झाला. पहिल्या तिघी आल्या, कुंकू लावून घेतलं, वाण घेतलं, मॅकरून कागदात गुंडाळले. "घरी जाऊन खाते हं." वर्तमानपत्रामागून खाकरल्याचा आवाज आला. मग नया बाजारच्या शांताताई आल्या. त्यांनी एक कोपरा चाखला, "छान आहे गं" म्हणाल्या आणि उरलेला नातवासाठी बांधून घेतला. दुसरा मागितला नाही. शामलावहिनींचे ओठ आग्रहाने थरथरत होते. "अजून एक घ्या ना" हे चार शब्द त्यांनी कसे गिळले, त्यांनाच ठाऊक.

साडेचार झाले. सीमंतिनीने दुसरा ट्रे आत सरकवला. अकराजणी येऊन गेल्या होत्या, मागितला एकीनेही नव्हता, आणि आता यायच्या राहिल्या होत्या मोजून चौघी-पाचजणी.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

"मेले," श्रुती खिडकीतून म्हणाली. "सुलोचनाबाई."

थाटीपुरच्या जयसिंहरावांच्या या सुलोचनाबाई. मराठा घराणं, सासरे फौजेत, नवरा फौजेत, आणि बाईंची शिस्त दोघांहून कडक. हळदीकुंकवाला त्या कुणाच्याही घरी चार मिनिटांवर बसत नाहीत, आणि लष्करपासून मुरारपर्यंत साऱ्या ग्वाल्हेरात त्यांनी कुणाच्या घरी काही तोंडात घातल्याचं कुणी पाहिलेलं नाही. सोबत सून हेमांगी, गाडी चालवायला. वर्तमानपत्र जरा खाली आलं. दादांना मनातून मजा वाटत असणार.

"बसा, सुलोचनाताई," शामलावहिनी म्हणाल्या.

"बसत नाही. अजून तीन घरं आहेत. हेमांगी, गाडी चालूच ठेव."

त्या बसल्या खऱ्या, पण कडेला, उठायच्या तयारीने. कुंकू झालं, तिळगूळ झाला. श्रुती हळूच आत आली आणि ओव्हनमध्ये डोकावली. "आई, हो गया!"

सीमंतिनीने ट्रे काढला. मॅकरून पांढरे, कडा सोनेरी, वरची टोकं नेमकी भाजलेली. भाजलेल्या नारळाचा घमघमाट हॉलभर गेला. पाच मिनिटं तरी निववायला हवे होते, तेवढा वेळ कुणाकडे होता? तिने दोन द्रोणांत एकेक ठेवला आणि बाहेर येऊन त्यातला एक सुलोचनाबाईंसमोर धरला. बोलली काही नाही. बोलायचं नव्हतंच.

सुलोचनाबाईंनी सवयीने कागद काढला, मॅकरून उचलला आणि "स्स!" करून परत द्रोणात टाकला. "भाजतंय की हे!"

कुणीच काही म्हणालं नाही. एरवी दहाजणी म्हणाल्या असत्या, अहो घ्या, फुंकून घ्या, आमच्यासाठी घ्या. सुलोचनाबाईंनी चमकून इकडे तिकडे पाहिलं. दफ्तरदारांच्या घरात आग्रह नाही? त्यांना ते चांगलंच खटकलं.

"काय हो शामलाताई, खायला सांगतसुद्धा नाही?"

शामलावहिनींनी ओठ घट्ट मिटून मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अंडं आहे यात?"

"नाही," सीमंतिनी म्हणाली. एवढं सांगणं म्हणजे आग्रह नव्हे.

"हेमांगी असले क्लास लावून शिकली. बिनअंड्याचे तिचे दगड होतात." सुलोचनाबाईंनी फुंकर घातली आणि एक घास तोडला. वरचं कवच कुरकुर वाजलं. मग त्या थांबल्या. चावत राहिल्या. उरलेला अर्धा सबंध तोंडात टाकला. वर्तमानपत्र आता दादांच्या मांडीवर होतं.

सुलोचनाबाईंनी रिकामा द्रोण पाहिला, मग सीमंतिनीकडे पाहिलं.

"एकच देतात होय तुमच्यात?"

वहिनींनी सीमंतिनीला कोपराने ढोसलं. "अगं, मागताहेत त्या! मागताहेत!"

"आणखी दोन आण," सुलोचनाबाई मागे सरकून खुर्चीत नीट रेलल्या. "आणि हेमांगी, गाडी बंद करून ये. बस इथे. खा आणि शिक जरा."

हेमांगीने तीन खाल्ले. सुलोचनाबाई खाताहेत हे पाहून मागाहून आलेल्या चौघींनी पर्स मिटल्या आणि हात पुढे केले. चार मिनिटांची बाई पन्नास मिनिटं बसली. तिसरा ट्रे लागला. श्रुती नाचत द्रोण वाटत होती आणि गुरुप्रसाद, कधी नव्हे तो, बायकांच्या हळदीकुंकवात पाण्याचे ग्लास फिरवत होता. सीमंतिनी ओव्हनसमोर उभी राहून रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम, आणि ते लपवायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

बायका गेल्यावर दादा स्वयंपाकघरात आले. ट्रेमध्ये एकच उरला होता. तो त्यांनी उचलला, उभ्या उभ्या खाल्ला.

"दादा, शब्द," गुरुप्रसाद म्हणाला.

"अरे हो रे! मी काय मुकरतोय का?" दादा बोटं पुसत म्हणाले. मग, बायकोकडे न बघता, "मोबाइलवाल्याला फोन करून सांगतो. त्याला आधी हो म्हणायला नको होतं मी. विचारायला हवं होतं घरात."

"विचारायचं तर केव्हाच राहिलंय तुमचं," शामलावहिनी म्हणाल्या. पण त्यांनी दादांना पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता शटर वर गेलं. चौघांनी जोर लावला तेव्हा गेलं, गंजलंच होतं तेवढं. आत झेरॉक्सवाल्याचे कागद, जळमटं आणि कोपऱ्यात तुटकी खुर्ची. उन्हाचा पट्टा थेट मागच्या भिंतीपर्यंत आला. थोड्या वेळाने दादा बोर्ड रंगवणाऱ्याला घेऊन हजर. त्याने शिडी लावली, डबा उघडला.

"भाईसाहब, क्या लिखना है?"

दादांनी तोंड उघडलं. 'दफ्तरदार' हे नाव त्यांच्या जिभेवर होतं, सगळ्यांना दिसलं. मग ते थांबले आणि धाकट्या भावजयीकडे वळले.

"सीमंतिनी, काय लिहायचं?"

या घरात हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. तिने समोरच्या रिकाम्या पाटीकडे पाहिलं. एकटीचं नाव लिहावं, असं आत्तापर्यंत तिला वाटत होतं. रात्रभर तेच नाव तिने मनात रंगवलं होतं.

"शामला आणि सीमंतिनी," ती म्हणाली. "दोन्ही सारख्या अक्षरांत."

शामलावहिनी तुटक्या खुर्चीला धरून उभ्या होत्या. पाटीवर, पत्रिकेवर, कशावरही त्यांचं नाव 'सौ.' आणि नवऱ्याच्या नावाशिवाय आजवर आलं नव्हतं. रंगाऱ्याने कुंचला बुडवला आणि पहिलं अक्षर काढायला हात वर नेला, तेव्हा त्या ओरडल्या.

"ए भैया, रुको!" त्या शिडीखाली आल्या. डोळे पुसायचीही तसदी न घेता त्यांनी बोट वर केलं. "पहले उसका नाम लिखो, बाद में मेरा. आणि सीमंतिनी, तू मध्ये बोलायचं नाही. मी थोरली आहे, मी सांगते तेच होणार."